फटी कुणी पाडल्या? इंटेलिजंट डिझाइन, उत्क्रांती आणि नामशेष झालेले जीव

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. अमेरिकेत शिकणारा भाचा वर्षभर तुम्हाला ‘इंटेलिजंट डिझाइन’चे व्हिडिओ पाठवतो आहे. सजीवांमधली गुंतागुंत आपोआप घडूच शकत नाही, तिच्यामागे कुणातरी बुद्धिमान रचनाकाराचा हात असलाच पाहिजे, असं त्याचं म्हणणं. तुम्ही त्याला विचारलंत, “रचनाकार एवढा हुशार, तर त्यानं घडवलेल्या शंभरातल्या नव्याण्णव जाती नामशेष कशा झाल्या?” त्यावर तो म्हणाला, “मामा, हा देवाच्या स्वभावावरचा प्रश्न झाला, विज्ञानाचा नाही.” तिथे तुमचं बोलणं खुंटलं. आता तुम्हाला जाणून घ्यायचं आहे की ही मंडळी उत्क्रांतीकडे आणि जाती नामशेष होण्याकडे नेमकं कसं बघतात, आणि तुमच्या प्रश्नात काही दम आहे की नाही.

मी जीवाश्मांच्या मागे तीस-बत्तीस वर्षं काढली. त्यातली बरीचशी कच्छच्या थरांत आणि विदर्भातल्या लामेटा खडकांत गेली, त्यामुळे संपून गेलेल्या जातींशीच माझा रोजचा व्यवहार. म्हणून सरळ सांगतो: त्या एका मुद्द्यापुरतं भाच्याचं बरोबर आहे. तुमचा प्रश्न चुकीच्या जागी लागला. पण तोच प्रश्न दोन पावलं बाजूला सरकवला की फार जड होतो, आणि त्याचं समाधानकारक उत्तर रचनावाद्यांकडून, म्हणजे या इंटेलिजंट डिझाइनवाल्यांकडून, माझ्या तरी वाचनात आलेलं नाही.

आधी ही मंडळी कोण ते नीट पाहू, कारण ती एका सुरात बोलत नाहीत. सिअ‍ॅटलची डिस्कव्हरी इन्स्टिट्यूट हे त्यांचं मुख्य ठिकाण. फिलिप जॉन्सन हे बर्कलेचे कायद्याचे प्राध्यापक होते. १९९१ साली पुस्तक लिहून त्यांनी डार्विनवर जणू खटलाच भरला आणि चळवळीला दिशा दिली. मायकेल बीही हे जीवरसायनाचे प्राध्यापक, विल्यम डेम्ब्स्की गणिताकडून आलेले, स्टीफन मायर विज्ञानाच्या तत्त्वज्ञानाकडून. याच गटातले पॉल नेल्सन पृथ्वी काही हजार वर्षांचीच आहे असं मानतात. मायरना पृथ्वीचं अब्जावधी वर्षांचं वय मान्य आहे. आणि बीही तर माणूस व चिंपांझी यांचा पूर्वज एकच होता हेही मान्य करतात. तुमच्या भाच्याला हे बहुधा ठाऊक नसेल. त्याला आधी एवढंच विचारा की तू यांतल्या कुणाच्या बाजूचा? कारण नेल्सनला द्यायचं उत्तर बीहीला लागू पडत नाही.

या सगळ्यांना बांधणारा धागा एकच. जनुकांतले आंधळे बदल आणि नैसर्गिक निवड, एवढ्यावर नवी गुंतागुंतीची रचना उभी राहू शकत नाही, हे त्यांचं समान मत. फिंच पक्ष्याची चोच जाड-बारीक होणं, जिवाणूंना औषध लागू न पडणं, हे लहान बदल ते मान्य करतात. मोठा बदल, म्हणजे नवा अवयव, नवी शरीररचना, तिथे ते थांबतात. बीहींचं लाडकं उदाहरण जिवाणूच्या शेपटीचं. तिच्यातला एकही भाग काढला तर ती चालत नाही, मग ती टप्प्याटप्प्यानं कशी बनली असेल, हा त्यांचा सवाल. त्यावर जीवशास्त्रज्ञांनी दाखवून दिलं की त्याच शेपटीतल्या काही प्रथिनांचा संच दुसऱ्या जिवाणूंमध्ये विष टोचण्याच्या सुईचं काम करतो. म्हणजे सगळे भाग एकत्र यायच्या आधी त्यांतल्या काहींना वेगळं काम असू शकतं. या वादात मी इथे शिरत नाही, तो रसायनाच्या माणसांनी पुष्कळ चघळला आहे.

२००५ साली पेनसिल्वेनियातल्या डोव्हर या गावचा खटला मात्र सांगायला हवा, कारण जीवाश्म तिथे साक्षीला आले होते. शाळेच्या मंडळानं ठरवलं होतं की नववीच्या मुलांना एक निवेदन वाचून दाखवायचं, डार्विनच्या सिद्धांतात त्रुटी आहेत आणि इंटेलिजंट डिझाइन हा दुसरा पर्याय आहे अशा अर्थाचं. अकरा पालक कोर्टात गेले. २० डिसेंबर २००५ रोजी न्यायाधीश जॉन जोन्स यांनी १३९ पानी निकाल दिला: हे विज्ञान नाही, आणि सरकारी शाळेत ते विज्ञान म्हणून शिकवणं घटनेच्या विरुद्ध आहे. त्या निवेदनात मुलांना ज्या संदर्भपुस्तकाकडे पाठवलं जात होतं, त्याचे जुने मसुदे कोर्टात निघाले. १९८७ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं ‘निर्मितीविज्ञान’, म्हणजे ईश्वरी निर्मितीची विज्ञान म्हणून केलेली मांडणी, शाळेत शिकवण्याची सक्ती रद्द केली होती. त्यानंतरच्या मसुद्यात ‘निर्मितीवादी’ हा शब्द काढून ‘रचनेचे पुरस्कर्ते’ हा शब्द घातलेला दिसला. एका जागी तर जुना शब्द अर्धवटच खोडला गेला आणि दोन्ही शब्द एकमेकांत अडकून राहिले.

त्या पुस्तकात रचनावादाची व्याख्या अशी होती की सजीवांचे प्रकार एकदम, आपापली वैशिष्ट्यं पूर्ण तयार असतानाच अवतरले: मासे पर-खवल्यांसह, पक्षी पिसं-चोच-पंखांसह. जमिनीवरचा सस्तन प्राणी आणि देवमासा यांना जोडणारे स्पष्ट जीवाश्म नाहीत, हेही त्यात पुरावा म्हणून दिलेलं होतं. १९९४ साली पाकिस्तानातून अँब्युलोसिटस जाहीर झाला, चालू शकणारा आणि पोहू शकणारा देवमासा. आपल्या कच्छमधून कच्छीसिटस, रेमिंग्टनोसिटस मिळाले. जम्मू-काश्मीरमधल्या कालाकोटचा इंडोह्युस, देवमाशांच्या कुळाला लागून असलेला हरणाएवढाही नसलेला खुरवाला प्राणी, २००७ साली सविस्तर समोर आला. डोव्हरच्या कोर्टात केव्हिन पेडियन या जीवाश्मशास्त्रज्ञांनी अशा मधल्या रूपांची मालिकाच न्यायाधीशांपुढे मांडली. आज रचनावादी या जीवाश्मांना नाकारत नाहीत. ते म्हणतात, इतके बदल व्हायला मिळालेला वेळ अपुरा होता. मुद्दा बदलला, हे लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

आता नामशेष होण्याकडे येऊ. इथे इतिहासातली एक गोष्ट बहुतेकांना माहीत नसते. जाती नामशेष होतात हे सिद्ध करणारा माणूस उत्क्रांतीवादी नव्हता. पॅरिसच्या जॉर्ज क्युव्हिएनं १७९६ साली हत्तींच्या जबड्यांची तुलना केली. भारतीय हत्ती वेगळा, आफ्रिकी हत्ती वेगळा, आणि सैबेरियातला मॅमथ या दोघांपेक्षाही वेगळा. मग तो कुठे आहे? एवढं मोठं जनावर कुणाच्या नजरेतून सुटणार नाही. म्हणजे ते संपलं. हे त्या काळी पचवायला सोपं नव्हतं. ईश्वराच्या सृष्टीतली साखळी अखंड आहे, तिच्यातला एक दुवाही निखळू शकत नाही, अशी समजूत युरोप-अमेरिकेत खोल रुजलेली होती. थॉमस जेफरसननं लिहून ठेवलं आहे की निसर्गानं आपल्या प्राण्यांची एकही जात नाहीशी होऊ दिल्याचं उदाहरण दाखवता येणार नाही. १८०४ साली लुईस आणि क्लार्क हे शोधप्रवासी अमेरिकेच्या पश्चिमेच्या सफरीवर निघाले, तेव्हा तिकडे कुठेतरी जिवंत मॅमथ भेटेल अशी आशा त्याला होतीच.

क्युव्हिएनं ती साखळी तोडली, पण जाती बदलत जातात ही लामार्कची परिवर्तनाची कल्पना त्यानं आयुष्यभर धुडकावली. म्हणून ‘जाती नामशेष होतात’ आणि ‘जाती उत्क्रांत होतात’ ही दोन वेगळी विधानं आहेत. पहिलं मानून दुसरं नाकारता येतं. रचनावादी नेमकं तेच करतात, आणि त्यात तर्काची चूक नाही. तुमचा प्रश्न इथेच अडला.

त्यांची उत्तरं तीन-चार तऱ्हांची आहेत. ती त्यांच्याच बाजूनं, नीट मांडायचा प्रयत्न करतो.

पहिलं उत्तर भाच्यानं दिलं तेच. डेम्ब्स्की आणि बीही दोघंही सांगतात की एखादी गोष्ट रचलेली आहे एवढंच आम्ही म्हणतो. ती सर्वोत्तम आहे किंवा कायम टिकेल असं म्हणत नाही. जुन्या मोटारी आज रस्त्यावर नाहीत, म्हणून त्या कारखान्यात बनल्याच नव्हत्या असं होत नाही. रचनाकाराचा हेतू काय होता हे आम्हाला माहीत असण्याची गरज नाही.

दुसरं उत्तर बीहींचं, आणि मला ते सर्वात विचार करायला लावणारं वाटतं. २०१९च्या पुस्तकात ते म्हणतात की नैसर्गिक निवड काम करते, जोरात करते, पण बहुतेक वेळा मोडतोड करून. ध्रुवीय अस्वलाच्या चरबीशी संबंधित जनुकात बदल झाले. बीहींच्या मते ते जनुक बिघडवणारे आहेत, आणि त्या बिघाडाचाच त्या अस्वलाला चरबीच्या आहारावर फायदा झाला. असं एकेक जनुक मोडत जात जीव एका कोपऱ्यात अडकतो, आणि परिस्थिती बदलली की मागे फिरायला वाट नसते. म्हणजे नामशेष होणं हा या चित्राचा नैसर्गिक शेवट ठरतो: सुरुवातीला भरलेली तिजोरी, नंतर फक्त खर्च. यावर जीवशास्त्रज्ञ रिचर्ड लेन्स्की आणि इतरांनी लगेच आक्षेप घेतला. त्या अस्वलाच्या जनुकातले बदल बिघाडच आहेत हे सिद्ध झालेलं नाही, आणि जनुकांच्या प्रती होऊन त्यांना नवं काम मिळाल्याची उदाहरणं बीही बाजूला ठेवतात. मला त्या आक्षेपात तथ्य वाटतं. पण टोकाची विशेषता जीवाला धोक्यात आणते, ही बीहींची अर्धी गोष्ट प्रत्येक जीवाश्मशास्त्रज्ञाला पटेल. एकाच प्रकारच्या खाण्यावर, एकाच तळ्यात जगणारे जीव संकटात आधी जातात, हे आम्ही थरांमध्ये पाहतो.

तिसरं उत्तर या चळवळीच्या शेजारच्या अंगणातलं. ह्यू रॉससारखे जुनी पृथ्वी मानणारे निर्मितीवादी म्हणतात की जाती संपत गेल्या आणि ईश्वर वेळोवेळी त्यांच्या जागी नव्या घडवत गेला. आणि चौथं उत्तर तरुण पृथ्वी मानणाऱ्यांचं: जीवाश्मांचे बहुतेक थर एकाच महाप्रलयात साचले. कच्छमध्ये ज्यानं एक दिवस जरी थर मोजले आहेत, त्याला हे मान्य करता येणं कठीण आहे. एका थरावर वाळलेल्या चिखलाच्या भेगा, त्याच्यावर पुन्हा समुद्र, त्यात किड्यांची शांतपणे केलेली बिळं, मग पुन्हा उघडी पडलेली जमीन. प्रलयात कुणी सावकाश घर खणत नाही. या उत्तरावर अधिक वेळ घालवत नाही.

तर तुमचा प्रश्न पहिल्या उत्तरापाशी थांबतो. रचनाकारानं अमुक करायला हवं होतं असं म्हटलं की आपणच देवाच्या मनात काय असावं ते ठरवायला बसतो. शिवाय तो ९९ टक्क्यांचा आकडा मोजून काढलेला नाही, तो अंदाज आहे. एकेक जात साधारण दहा लाख ते एक कोटी वर्षं टिकते आणि जीवसृष्टी कोट्यवधी वर्षं चालू आहे, यावरून बांधलेला. अंदाज भक्कम आहे, पण वादात तो सांगताना अंदाज म्हणूनच सांगा.

आता प्रश्न बाजूला सरकवू. ‘एवढे जीव का मेले’ असं विचारू नका. ‘जे मेले ते कुठे बसतात, आणि त्यांच्या जागी कोण आलं’ असं विचारा.

पहिला भाग फटींचा. रचनावाद्यांचा सगळा भर फटींवर असतो. सरपटणारे प्राणी आणि पक्षी यांच्यात केवढी दरी, देवमासा आणि चतुष्पाद यांच्यात केवढी दरी. आज जिवंत असलेल्या प्राण्यांकडे पाहिलं तर दरी खरीच आहे. सुसर आणि चिमणी यांच्यात काय साम्य? पण मेलेल्यांना पंगतीत बसवा. सुसरीकडून निघालात की आदिम आर्कोसॉर (सुसरी आणि डायनोसॉर ज्यातून आले तो जुना गट), मग दोन पायांवर चालणारे लहान डायनोसॉर, मग पिसं असलेले पण न उडणारे डायनोसॉर, मग दात आणि हाडांची शेपटी असलेले पक्षी, मग आजचे पक्षी. या पंगतीतली दोन टोकं तेवढी जिवंत राहिली. मधली सगळी पानं रिकामी झाली म्हणून आपल्याला दरी दिसते. पाणघोडा आणि देवमासा हे एकमेकांचे सर्वात जवळचे जिवंत नातलग आहेत हे ऐकून लोक चकित होतात, कारण मधले सगळे कच्छच्या आणि पाकिस्तानच्या खडकांत झोपले आहेत.

डार्विननं हे ओळखलं होतं. त्याच्या लेखी नामशेष होण्यानं गट निर्माण होत नाहीत, गट एकमेकांपासून वेगळे तेवढे पडतात. ज्या फटी रचनाकाराच्या हाताची खूण म्हणून दाखवल्या जातात, त्यांतल्या मोठ्या फटी मृत्यूनं पाडलेल्या आहेत. आणि हे तपासता येतं. मृत्यूनं पाडलेली फट असेल तर खडकात मधली रूपं सापडायला हवीत, आणि ती योग्य वयाच्या खडकात सापडायला हवीत. देवमाशांच्या बाबतीत ती तशी सापडली. रचनावादात अशा मधल्या रूपांची अपेक्षाच नव्हती, आणि ती सापडल्यावर वेळेच्या अपुरेपणाचा मुद्दा पुढे आला.

मायर ज्या कँब्रियन काळाचं उदाहरण देतात, साधारण ५३.९ कोटी वर्षांपूर्वी सुरू झालेला, त्याच्याकडेही याच नजरेनं पाहा. बहुतेक मोठे प्राणिगट तिथे थोड्या भूशास्त्रीय काळात दिसू लागतात हे खरं. ते का, यावर आम्ही अजून काम करतो आहोत. प्राणवायूचं प्रमाण, शिकारी जीवांचा उदय, शरीर घडवणाऱ्या जनुकांचं जाळं, अशी कारणं त्यात गुंतलेली आहेत. पण कॅनडातल्या बर्जेस शेल या कँब्रियन खडकातले जीव पाहिलेत तर तिथे पाच डोळ्यांचा ओपाबिनिया आहे, तोंडापुढे काटेरी सोंडा असलेला अ‍ॅनोमॅलोकॅरिस आहे. यांना संधिपाद (कीटक-खेकड्यांचा गट) म्हणावं तर पुरते तसे नाहीत, आणि न म्हणावं तर अर्धी लक्षणं तीच. ‘तयार’ गट एकदम अवतरले असतील तर हे अर्धेमुर्धे जुळणारे, पुढे पुसले गेलेले जीव तिथे इतक्या संख्येनं कशाला असते? ते मधल्या पानांवरचेच आहेत.

दुसरा भाग जागेचा, आणि माझ्या मते सगळा वाद इथे ठरतो.

१८३२ साली तरुण डार्विन अर्जेंटिनाच्या किनाऱ्यावर, पुंता आल्ता इथे उतरला. तेव्हा तो उत्क्रांतीवादी नव्हता. केंब्रिजला त्यानं विल्यम पेलीचा घड्याळाचा युक्तिवाद (घड्याळ आहे म्हणजे घड्याळजी असणार, तसा सजीवांचाही रचनाकार असणार) मन लावून वाचलेला होता आणि तो त्याला आवडलाही होता. किनाऱ्याच्या कड्यात त्याला प्रचंड प्राण्यांची हाडं मिळाली आणि त्यांत हाडांच्या चौकटी जोडून केलेल्या कवचाचे तुकडे होते. त्याच दिवसांत तिथल्या गाउचो गुराख्यांबरोबर तो भाजलेला आर्माडिलो खात होता, आणि आर्माडिलोच्या पाठीवर तसंच कवच, लहान आकाराचं. मेलेला राक्षस आणि ताटातला प्राणी, दोघांची अंगरखी एकाच कापडाची. त्या राक्षसांपैकी एकाला पुढे ग्लिप्टोडॉन हे नाव मिळालं. २०१६ साली त्याच्या कुळातल्या एका प्राण्याच्या जुन्या हाडातून डीएनए काढला गेला, तेव्हा ग्लिप्टोडॉन आर्माडिलोंच्या कुळाच्या आतच बसले.

आता आपल्या कोकणातलं खवले मांजर आठवा. त्यालाही अंगभर कवच, तेही मुंग्या-वाळवी खातं, धोका दिसला की अंगाचं वेटोळं करतं. पण त्याचे खवले नखांच्या द्रव्याचे, आर्माडिलोचं कवच हाडाचं. आणि नात्यानं खवले मांजर कुत्र्या-मांजरांच्या गटाला जवळ, आर्माडिलोला नाही. रचनाकाराला कवचवाला मुंगीखाऊ हवा असता तर एकच उत्तम नमुना दोन्हीकडे ठेवता आला असता, किंवा ग्लिप्टोडॉनचे भाऊबंद कोकणात आणि खवले मांजराचे अर्जेंटिनात ठेवता आले असते. मी असं म्हणत नाही की त्यानं असं करायलाच हवं होतं. तसं म्हटलं तर मी तुमचीच चूक करेन. मी एवढंच म्हणतो की रचनावाद्यांचा सिद्धांत दोन्हींपैकी काहीही झालं तरी तितकाच खूश राहतो. वंशसातत्याचा सिद्धांत मात्र एकच गोष्ट सांगतो: दक्षिण अमेरिकेत मेलेले दक्षिण अमेरिकेतल्या जिवंतांसारखे असतील, ऑस्ट्रेलियात मेलेले तिथल्या पिशवीवाल्यांसारखे असतील. आणि दर वेळी खडक उघडला की तसंच निघतं. गेंड्याएवढा डिप्रोटोडॉन ऑस्ट्रेलियातच मिळतो, आणि तो वॉम्बॅटचा नातलग.

आपल्या पायाखालच्या खडकातही हेच आहे. ६.६ कोटी वर्षांपूर्वी मेक्सिकोजवळ चिक्शुलूबला उल्का आदळली, आणि त्याच्या आगेमागे आपल्या सह्याद्रीचा काळा कातळ लाव्हा म्हणून बाहेर पडत होता. आजही हा कातळ सुमारे पाच लाख चौरस किलोमीटरवर पसरलेला आहे. त्या सुमारास झालेल्या, डायनोसॉर संपवणाऱ्या विनाशात लाव्ह्याचा वाटा किती आणि उल्केचा किती यावर मतभेद आहेत. या कातळाखालच्या लामेटा थरांत, चंद्रपूर जिल्ह्यात वरोऱ्याजवळच्या पिसदुऱ्याला लांब मानेच्या डायनोसॉरांची हाडं आणि दगड झालेली विष्ठा मिळते. त्या विष्ठेत गवतातले सिलिकाचे सूक्ष्म कण निघाले आणि २००५ साली गवताचा इतिहास मागे न्यावा लागला. पिसदुऱ्याच्या शेतात पहिल्यांदा उभा राहिलो तेव्हा बांधावरचा दगड उचलला आणि तो मणक्याचा तुकडा निघाला, तो क्षण मी विसरलेलो नाही. या कातळाच्या वरच्या खडकांत असा मणका परत कधीच दिसत नाही.

पण मुंबईत वरळीच्या टेकडीत, लाव्ह्याच्या दोन थरांमध्ये दबलेल्या गाळात, चिमुकले बेडूक मिळाले होते. रिचर्ड ओवेननं १८४७ साली त्यांचं वर्णन केलं. डायनोसॉर गेले, बेडूक राहिले. का? गोड्या पाण्यातली अन्नसाखळी कुजलेल्या पालापाचोळ्यावरही काही काळ चालते, सूर्य झाकला गेला तरी ती लगेच तुटत नाही, लहान शरीराला थोडं अन्न पुरतं. अशी कारणं शोधता येतात आणि पडताळता येतात. आणि पुढची गोष्ट महत्त्वाची. २०१७ साली जगभरातल्या बेडकांच्या जनुकांचा अभ्यास झाला, त्यात दिसलं की आजच्या दर दहांतल्या जवळजवळ नऊ जाती त्या विनाशातून तरलेल्या फक्त तीन वंशांतून आल्या. रिकाम्या झालेल्या जगात वाचलेल्यांची पोरं पसरली. २००३ साली केरळच्या इडुक्कीतून जांभळा बेडूक जाहीर झाला, नासिकाबॅट्रॅकस सह्याद्रेन्सिस. त्याच्या कुळाचे सर्वात जवळचे नातलग भारतात नाहीत, आफ्रिकेतही नाहीत. ते सेशेल्स बेटांवर आहेत. भारत आणि सेशेल्स एकेकाळी एकाच भूखंडाचे तुकडे होते, हे भूगर्भशास्त्रानं बेडकाला न विचारता आधीच सांगितलं होतं.

हे रचनावाद्यांपुढे ठेवलं की ते म्हणू शकतात, रचनाकारानं असंच करायचं ठरवलं असेल. म्हणू शकतात. ह्यू रॉस यांच्यासारख्यांना तर म्हणावंच लागेल की प्रत्येक विनाशानंतर नव्यानं घडवताना ईश्वरानं दर खेपेला त्याच खंडातल्या, त्याच वाचलेल्या कुळांचा साचा वापरला, तोही जनुकांतल्या निकामी खुणांसकट. या विधानाला खोटं पाडेल असा एकही खडक मला कल्पनेतसुद्धा दिसत नाही, आणि म्हणूनच मी त्याच्यावर काम करू शकत नाही. बीहींची अडचण वेगळी आहे. त्यांना समान पूर्वज मान्य असल्यामुळे वरचं सगळं मान्यच आहे. त्यांचा रचनाकार जनुकांतल्या काही निवडक ठिकाणीच हात घालतो. मग वरळीचे बेडूक, ग्लिप्टोडॉन, कच्छचे देवमासे यांच्याबाबत ते आणि मी एकाच पंगतीला बसतो. हे भाच्याला नक्की सांगा.

डार्विनचंही एक चुकलं होतं, ते लपवू नये. सामूहिक विनाशांना तो फारसं महत्त्व देत नसे. जाती एकेक करून, स्पर्धेत हरून जातात असं त्याला वाटे. आज आम्ही पाच मोठे विनाश मानतो. २५.२ कोटी वर्षांपूर्वीच्या विनाशात समुद्रातल्या दहांतल्या आठाहून अधिक जाती गेल्या. ट्रायलोबाइट हे समुद्रातले कवचधारी संधिपाद, जे त्याआधी २५ कोटींहून अधिक वर्षं टिकले होते, तिथे कायमचे संपले. ते काही नालायक नव्हते. जीवाश्मशास्त्रज्ञ डेव्हिड राउप यांनी हाच प्रश्न आयुष्यभर विचारला, जीव मरतात ते वाईट जनुकांमुळे की वाईट नशिबामुळे. त्यांचा कल नशिबाकडे होता. उत्क्रांती म्हणजे सतत चढत जाणारा जिना, असं आपल्या शाळेत नकळत शिकवलं जातं, आणि मग रचनावाद्यांना त्या जिन्यावर हल्ला करणं सोपं जातं. जिना नव्हताच कधी.

तुम्ही पत्राच्या शेवटी विचारलंत की आपल्याकडे हे लोण येईल का. इंटेलिजंट डिझाइन हे अमेरिकेतल्या कोर्टकज्जातून आणि तिथल्या चर्चच्या वादातून आलेलं आहे, तसंच्या तसं इथे रुजणार नाही. पण २०१८ साली औरंगाबादच्या एका संमेलनात एका केंद्रीय राज्यमंत्र्यांनी डार्विनचा सिद्धांत शास्त्रीयदृष्ट्या चूक असल्याचं आणि माकडाचा माणूस होताना कुणी पाहिला नसल्याचं सांगितलं, तेव्हा देशातल्या तिन्ही विज्ञान अकादमींना निवेदन काढावं लागलं. २०२३ साली एनसीईआरटीच्या दहावीच्या पुस्तकातून उत्क्रांतीचा भाग गेला आणि १८०० हून अधिक शास्त्रज्ञ-शिक्षकांनी विरोधाचं पत्र लिहिलं. आपल्या राज्य मंडळाच्या दहावीच्या पुस्तकात मात्र ‘आनुवंशिकता व उत्क्रांती’ हा पहिलाच धडा आहे. मला त्याचा मनापासून आनंद आहे. ज्या मुलांच्या गावच्या विहिरी दख्खनच्या कातळात खणलेल्या आहेत, त्यांना तो कातळ कुठल्या विनाशाचा साक्षीदार आहे हे कळलंच पाहिजे.

भाचा डिसेंबरात नाशिकला येणार असं तुम्ही लिहिलं आहे. तुमच्या देवघरात शाळिग्राम असेल, आणि त्यावर गोल वेटोळ्याची नक्षी असेल, तर ती दोघं मिळून श्रद्धेनंच, पण नीट निरखून पाहा. गंडकीच्या पात्रातले तसे शाळिग्राम म्हणजे ज्युरासिक समुद्रातले अमोनाइट, वेटोळ्या शंखाचे समुद्री जीव. त्यांचा सबंध वंश डायनोसॉरांबरोबरच संपला. कच्छला दर हिवाळ्यात मी विद्यार्थ्यांना नेत असे, तेव्हा एक काम देत असे: टेकडीच्या पायथ्यापासून वर चढत जा, प्रत्येक थरातला एक अमोनाइट पाहा, त्याच्या कंगोऱ्यांचं चित्र काढा आणि थराचा क्रमांक लिहा. संध्याकाळी तंबूत चित्रं मिसळून टाकायची, क्रमांक झाकायचे, आणि नुसत्या आकारावरून क्रम लावायचा. पोरं रॉकेलच्या दिव्याखाली तासभर भांडत, आणि लावलेला क्रम बहुतेक वेळा थरांच्या क्रमाशी जुळत असे. विल्हेल्म वागेन या जीवाश्मशास्त्रज्ञांनी असेच थराथरांतून बदलत जाणारे अमोनाइट पाहून १८६९ साली ‘म्युटेशन’ हा शब्द वापरला, आणि नंतर कच्छच्या अमोनाइटांवरच मोठा ग्रंथ लिहिला.

भाच्याला विचारा की वरच्या थरातला प्राणी खालच्या थरातल्या मेलेल्या प्राण्यासारखाच, फक्त थोडा वेगळा का असतो. त्याचं उत्तर काय येतं ते मला जरूर कळवा. आणि त्याची इच्छा असेल तर फेब्रुवारीत ऊन चढायच्या आत भुजला या, वह्या आणि झाकायचे कागद मी आणतो.